चिलीचा ट्रे आणि परतफेड न करण्याची अट

१७ डिसेंबर १९५७, मंगळवार. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याची राजधानी लिटल रॉक, आणि तिथलं सेंट्रल हायस्कूल. मधली सुट्टी झालीय, कॅफेटेरिया खच्चून भरलाय. अकरावीतली सोळा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी मिनीजीन ब्राउन ट्रे घेऊन टेबलांमधल्या चिंचोळ्या वाटेने निघाली आहे. ट्रेमध्ये चिलीचं बोल आहे. (ही चिली म्हणजे मिरची नव्हे. खिमा आणि राजमा घालून केलेला दाट, गरम रस्सा. थंडीच्या दिवसांत तिकडे घरोघरी आणि शाळाशाळांत असतो.) ती पुढे सरकते तशा वाटेत खुर्च्या येतात. मुलं आपली खुर्ची जराशी मागे ढकलतात, एवढंच. कुणी काही केलं असं म्हणताही येऊ नये, इतकंच.

आणि मग तो ट्रे बोलासकट दोन गोऱ्या मुलांच्या डोक्यावर पडतो.

क्षणभर सगळं चिडीचूप. शेकडो गोरी मुलं बघत राहिली. कॅफेटेरियात वाढण्याचं आणि भांड्यांचं काम करणाऱ्या बायाबापड्या सगळ्या कृष्णवर्णीय होत्या. त्या काउंटरमागून त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्या वर्षी या गोऱ्यांच्या शाळेत पहिल्यांदाच दाखल झालेल्या नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी एकटाच बारावीत असलेला अर्नेस्ट ग्रीन तिथे होता, आणि ही टाळ्यांची गोष्ट त्याने पुढे अनेकदा सांगितली आहे.

ट्रे हातातून सुटला की तिने टाकला? दोन्ही प्रकारे सांगितलं जातं. मला त्या वादात फारसा रस नाही. ज्यांच्या अंगावर चिली सांडली त्या मुलांनीच शाळेला सांगितलं की तिला राग आला यात तिचा दोष वाटत नाही, इतके दिवस तिने बरंच सोसलं आहे. तरीही मिनीजीनला सहा दिवसांसाठी निलंबित करण्यात आलं. दोन महिन्यांनी तिला शाळेतून काढून टाकलं.

लिटल रॉकच्या नऊ मुलांची गोष्ट सांगताना आपण बहुतेक वेळा पहिल्या दिवशीच्या फोटोवर थांबतो: पांढऱ्या पोशाखातली, काळा चष्मा लावलेली एलिझाबेथ एकफर्ड, आणि मागे ओरडणारा जमाव. तो फोटो महत्त्वाचा आहेच. पण ज्याने कधी वर्ग सांभाळला आहे, त्याने मिनीजीनची फाइल वाचावी. तिच्यात बंदुका नाहीत. निलंबनाचं पत्र आहे, अट आहे, सुनावणी आहे. आपल्या ऑफिसच्या कपाटात असतात तसलेच कागद.

शाळेच्या दारापर्यंत

मागची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती बहुतेकांना माहीत असते. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्यात निकाल दिला की वंशावरून वेगळ्या शाळा ठेवणं घटनाविरोधी आहे. (त्या खटल्यातल्या ब्राउनचा आणि मिनीजीनचा काही संबंध नाही, फक्त आडनाव एक.) पुढच्या वर्षी न्यायालयाने अंमलबजावणीसाठी जे शब्द वापरले त्यांचा भावार्थ ‘सावकाशीने पण लवकर’ असा काहीतरी होतो. दक्षिणेतल्या राज्यांनी त्यातला ‘सावकाशीने’ तेवढा उचलला.

लिटल रॉकचे शिक्षण अधीक्षक व्हर्जिल ब्लॉसम यांनी टप्प्याटप्प्याची योजना आखली. पहिला टप्पा सप्टेंबर १९५७, आणि शाळा एकच: सेंट्रल. १९२७ साली दीड दशलक्ष डॉलर खर्चून बांधलेली ही भव्य इमारत शहराचा अभिमान होती. १९५७ मध्येच शहराच्या पश्चिमेला, सुखवस्तू गोऱ्या वस्तीसाठी, हॉल हायस्कूल नावाची नवी शाळा उघडली. तिथे एकही कृष्णवर्णीय मूल जाणार नव्हतं. म्हणजे न्यायालयाचा निकाल पाळायचा तो कामगार आणि कारकुनांच्या मुलांच्या शाळेत. वकील-डॉक्टरांच्या मुलांना त्याची झळ नको. ही गोष्ट लक्षात ठेवा, फेब्रुवारीत ती पुन्हा वर येईल.

इच्छुकांना गाळून गाळून सतरा मुलं निवडली. त्यांतली आठ मागे सरली, नऊ उरली. ४ सप्टेंबरला गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी आर्कान्सा नॅशनल गार्डचे (म्हणजे राज्याच्या राखीव दलाचे) सैनिक उभे करून त्यांना दारातूनच परत पाठवलं. २३ तारखेला ती बाजूच्या दाराने आत गेली; बाहेर हजाराच्या आसपास जमाव जमला आणि दुपारच्या आत त्यांना बाहेर काढावं लागलं. २४ तारखेला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लष्कराची १०१वी एअरबोर्न डिव्हिजन पाठवली. २५ सप्टेंबरला संगिनी लावलेल्या सैनिकांच्या गराड्यात मुलं पुढच्या पायऱ्या चढून शाळेत गेली.

वर्तमानपत्रांची गोष्ट इथे संपते. शाळेचं वर्ष मात्र आत्ता कुठे सुरू झालं होतं.

‘कुणी मोठ्या माणसाने पाहिलं का?’

मिनीजीन लिटल रॉकमध्येच जन्मलेली, चार भावंडांत थोरली. वडील विली ब्राउन गवंडीकाम आणि बागकामाची कंत्राटं घेत. आई इमोजीन शिवणकाम करी, रुग्णसेविका म्हणूनही काम करी. पोरगी उंच, बोलकी, हसरी. गाण्याची आवड. सेंट्रलला जाण्यामागे तिचा क्रांतीचा वगैरे विचार नव्हता. शाळा मोठी, घरापासून सोयीची, तिथे मैत्रिणी होतील, गायनमंडळात गाता येईल, असं काहीसं तिच्या मनात होतं.

पहिलाच नियम असा की नऊपैकी कुणीही वर्गाबाहेरच्या उपक्रमांत भाग घ्यायचा नाही. खेळाचा संघ नाही, वाद्यवृंद नाही, नाटक नाही, गाणं नाही. वर्गात बसायचं, शिकायचं, घरी जायचं. वरवर पाहता ही सावधगिरी वाटते. पण ज्या मुलीकडे लोकांना जिंकून घेण्याचं एकच साधन होतं, तेच काढून घेतल्यावर उरतं काय? सुमारे दोन हजार मुलांच्या शाळेत ‘ती काळी मुलगी’ एवढीच तिची ओळख उरते. एखाद्या मुलाची शाळेशी सोयरीक जुळते ती गणिताच्या तासाला नव्हे, गॅदरिंगच्या तालमीत, हे कुठल्याही शिक्षकाला माहीत असतं.

दुसरा नियम कुठे लिहिलेला नसेल, पण सगळा कारभार त्यावर चालला: तक्रार तेव्हाच धरायची, जेव्हा एखाद्या मोठ्या माणसाने प्रकार डोळ्यांनी पाहिला असेल. मुलांनी सांगावं, शाळेने विचारावं, ‘कुणी शिक्षकाने पाहिलं का?’ बहुतेक वेळा कुणी पाहिलेलं नसे. काही शिक्षक खरोखर पाठमोरे असत, काही पाठमोरे होत.

आणि होत काय होतं? रोजचं म्हणजे मागून टाचेवर लाथ, जिन्यात धक्का, थुंकणं, लॉकर फोडून वह्या-पुस्तकं पळवणं. ग्लोरिया रेला जिन्यावरून ढकललं. जेफरसन थॉमसला लॉकरपाशी उभा असताना असा ठोसा बसला की तो बेशुद्ध पडला. मेल्बा पॅटिलोच्या डोळ्यांत रसायन फेकलं गेलं. सुरुवातीला प्रत्येकामागे एकेक सैनिक असे, पण तो वर्गाच्या दारापर्यंत. वर्गात, स्वच्छतागृहात, व्यायामशाळेच्या कपडे बदलायच्या खोलीत सैनिक जात नसे. छळ करणाऱ्यांना शाळेचा हा नकाशा दोन आठवड्यांत पाठ झाला असणार. नोव्हेंबर संपेपर्यंत १०१वी डिव्हिजन परत गेली आणि बंदोबस्त उरला केंद्राच्या हुकमतीखाली घेतलेल्या आर्कान्सा नॅशनल गार्डकडे. म्हणजे सप्टेंबरात ज्या दलाने या मुलांना दारात अडवलं होतं त्याच दलाकडे. गणवेश तोच, हुकूम तेवढा बदललेला.

शाळेत सगळेच वाईट होते असं म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. मुलींच्या उपमुख्याध्यापिका एलिझाबेथ हकाबी इंग्रजी शिकवत. मुलींच्या बहुतेक तक्रारी त्यांच्याच टेबलावर येत. त्यांनी त्या वर्षाच्या नोंदी ठेवल्या आणि पुढे त्यावर पुस्तक लिहिलं. बाई सहृदय होत्या, थकलेल्या होत्या, आणि नियमाने बांधलेल्या होत्या. बॉम्ब ठेवल्याच्या धमक्या येत, लॉकर तपासावे लागत, गोऱ्या पालकांचे फोन सतत चालू. त्या गदारोळात त्यांच्यासारख्या माणसांना रोज एकच प्रश्न सोडवायचा होता: आज शाळा सुरळीत कशी सुटेल? कुणाचं चुकतंय, हा प्रश्न त्याच्या मागे पडत गेला.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची चावी इथे आहे. ‘शिक्षकाने पाहिलं का’ ही अट दोन्ही बाजूंना सारखीच लागू होती, पण तिचा परिणाम सारखा नव्हता. छळ करणारे शंभर, तो करणार लपूनछपून, तुकड्यातुकड्यात; लाथ मारणारा सोमवारी एक, मंगळवारी दुसरा. नऊ मुलांपैकी कुणी उलट काही केलं, तर ते दोन हजार डोळ्यांसमोर. त्यामुळे साक्षीदाराची अट पूर्ण होणार ती नेहमी उत्तराच्या बाबतीत. मूळ खोडीच्या बाबतीत जवळजवळ कधीच नाही. प्राथमिकच्या कुठल्याही वर्गात ‘बाई, त्यानं आधी मारलं’ असं रडत सांगणारं मूल असतं, आणि बाईंनी मान वर केली तेव्हा हात मात्र त्याचाच उगारलेला दिसतो. आपण दोघांनाही कोपऱ्यात उभं करतो आणि न्याय झाला असं समजतो. सेंट्रलमध्ये तेच घडलं, फक्त कोपऱ्यात एकटीच उभी राहिली.

अट

नाताळची सुट्टी गेली आणि जानेवारी १९५८ मध्ये मिनीजीनला परत घेतलं गेलं ते एका अटीवर. कुणी काहीही बोललं, काहीही केलं, तरी तिने उलट उत्तर द्यायचं नाही. हाताने नाही आणि तोंडानेही नाही.

अट हातात घेऊन नीट बघण्यासारखी आहे. मारामारी करू नये, हा नियम शाळेत सगळ्यांनाच असतो. इथे तसं नाही. इथे समोरच्याने मारलं तरीही तू गप्प राहायचंस, असं एका विद्यार्थिनीकडून कबूल करून घेतलं आहे. आणि तिला मारू नये अशी लेखी-तोंडी हमी बाकी दोन हजारांकडून घेतलेली नाही. शाळेच्या दृष्टीने त्यात तर्क होता: दोन हजारांना आवरण्यापेक्षा एकीला आवरणं सोपं. पण अशी अट गुप्त राहत नाही. तिला चिडवून एक शब्द काढून घेतला की ती शाळेबाहेर, हे ज्यांना कळायला हवं होतं त्यांना कळलं. छळाला आता हेतू मिळाला. आधी तो नुसता द्वेष होता, आता तो डाव झाला, आणि त्यात जिंकण्याची पद्धतही शाळेनेच ठरवून दिली.

ती परत आल्यावर तिच्या अंगावर एका मुलाने सूप ओतलं. चिलीची फेड. या वेळी ती काही बोलली नाही.

६ फेब्रुवारी. काही मुली दिवसभर तिच्या मागे मागे. टोमणे, टाचेवर लाथा. एकीने पर्स फेकून मारली. आत लॉकरची कुलुपं भरलेली, म्हणजे कापडात बांधलेला दगडच. मिनीजीन वळून म्हणाली, ‘व्हाइट ट्रॅश’. आधी पर्स की आधी शब्द, यावर सांगणाऱ्यांचं एकमत नाही. शब्दावर आहे.

या शब्दांचं मराठी ‘गोरा कचरा’ असं करता येईल, पण त्याने धार कळत नाही. दक्षिणेत ही शिवी गरीब गोऱ्यांना देत, आणि बहुतेक वेळा श्रीमंत गोरेच देत. कातडी गोरी असूनही तुमची लायकी नाही, असा तिचा अर्थ. आता हॉल हायस्कूल आठवा. सेंट्रलमधल्या कित्येक घरांत हीच बोच होती की वरच्या आळीतल्या लोकांनी निकालाचं ओझं आपल्या गळ्यात मारलं आणि आपली मुलं सुरक्षित ठेवली. त्यांच्या हातात बाकी काही नसेल, पण काळ्यांपेक्षा वर असण्याचा हक्क होता. मिनीजीनने दोन शब्दांत नेमका त्यावर हात घातला. तिला हे सगळं समाजशास्त्र ठाऊक होतं म्हणून नव्हे; त्या गावात वाढलेल्या पोरीला कुठली शिवी कुणाला लागते हे माहीत असतंच.

त्या एका शब्दाची शिक्षा म्हणून तिला पुन्हा निलंबित केलं आणि १७ फेब्रुवारी १९५८ रोजी शिक्षण मंडळाने तिला उरलेल्या वर्षासाठी काढून टाकलं. अट मोडली होती, यात शंका नव्हती. कागदोपत्री निर्णय अगदी बिनचूक होता.

शाळेत काही मुलांनी छापील कार्डं वाटली: ‘एक गेली, आठ उरले.’

गोऱ्या विद्यार्थ्यांवर कारवाई झालीच नाही असं नाही. काही जणांना निलंबित केलं गेलं. छळात पुढे असलेल्या एका मुलीला तर त्याच मोसमात शाळेतून काढलंही होतं. तिच्या बाजूने वकील उभा राहिला, बरीच बोंबाबोंब झाली, आणि यापुढे नीट वागेन या हमीवर ती पुन्हा वर्गात येऊन बसली. दोन्ही फाइली शेजारी शेजारी ठेवल्या तर फरक हमीच्या मजकुरात दिसतो. एकीकडून ‘मी त्रास देणार नाही’ असं घेतलं, दुसरीकडून ‘मला त्रास झाला तरी मी बोलणार नाही’ असं.

तीन दिवसांनंतर

हे प्रकरण एका मुलीच्या शिक्षेवर संपलं असतं तर मी कदाचित लिहिलंही नसतं. पण तारखा बघा. १७ फेब्रुवारीला मिनीजीनला काढलं. २० फेब्रुवारीला त्याच शिक्षण मंडळाने संघराज्याच्या न्यायालयात अर्ज केला: शाळेत अशांतता इतकी आहे की शिकवणं अवघड झालं आहे, सबब कृष्णवर्णीय मुलांना परत त्यांच्या शाळेत पाठवण्याची आणि एकत्रीकरण अडीच वर्षं पुढे ढकलण्याची परवानगी मिळावी.

अशांततेचा पुरावा काय? वर्षभराच्या घटना. त्या घटनांच्या नोंदीत चिलीही होती आणि ‘व्हाइट ट्रॅश’ही. ज्यांनी अशांतता माजवली त्यांना हवं होतं तेच मंडळ मागत होतं, आणि कारण म्हणून अशांतताच पुढे करत होतं. मंडळातली माणसं कडवी वंशवादी नव्हती; त्यांतले काही जण स्वतःला मध्यममार्गी समजत. पण कॅफेटेरियात जो हिशेब एका मुलीच्या बाबतीत केला, तोच त्यांनी आता उरलेल्या आठ जणांच्या बाबतीत केला: त्रास देणारे आवरत नाहीत ना, मग ज्यांच्यामुळे त्रास होतो त्यांना बाजूला करा.

आपल्याकडच्या वाचकाला हा युक्तिवाद ओळखीचा वाटावा. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने अर्ज केला. मुंबई सरकारने त्यावर जो ठराव केला तो बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लेखनात उद्धृत केला आहे. सरकार म्हणतं, तत्त्वतः न्याय या मुलाच्या बाजूने आहे. पण एका मुलासाठी त्याला इतरांमध्ये घुसवलं तर बाकी सगळ्यांसाठी शाळाच निरुपयोगी होण्याचा धोका आहे. त्या मुलाचं नाव इतिहासात ठळकपणे राहिलं नाही. अर्ज फेटाळला गेला. लिटल रॉकच्या मंडळाचा अर्ज आणि धारवाडच्या प्रकरणातला ठराव यांच्यात शंभर वर्षं आणि एक महासागर आहे. वाक्याचा सांगाडा मात्र एकच: तुमचं बरोबर आहे, पण तुमच्यामुळे गोंधळ होतो.

जून १९५८ मध्ये न्यायाधीश हॅरी लेम्ली यांनी मंडळाला मुदत दिली. ऑगस्टमध्ये वरच्या न्यायालयाने ती काढून घेतली. १२ सप्टेंबर १९५८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कूपर विरुद्ध एरन खटल्यात मंडळाच्या विरोधात आदेश दिला. नंतर आलेल्या निकालपत्रावर नऊही न्यायमूर्तींची नावं स्वतंत्रपणे आहेत. असं सहसा होत नाही. गव्हर्नर आणि विधिमंडळाच्या कृतींमुळे जी हिंसा आणि अव्यवस्था माजली, तिच्यापायी या मुलांच्या घटनात्मक हक्कांचा बळी देता येणार नाही, हे त्या निकालाचं सार.

एका अर्थाने मिनीजीनच्या प्रकरणाचा खरा निकाल तोच होता, सात महिने उशिरा आणि तिचं नाव न घेता. ती अट न्यायालयाने कधी तपासली नाही. पण दुसऱ्याच्या हिंसेची किंमत ज्याच्यावर हिंसा झाली त्याच्याकडून वसूल करायची नाही, हे तत्त्व कॅफेटेरियाला लावून पाहिलं तर निलंबनाचं पत्र टिकत नाही.

आदेश आला त्याच दिवशी फॉबस यांनी शाळा बंद करण्याच्या कायद्यांवर सही केली. २७ सप्टेंबरला मतदान झालं: एकत्र शाळांच्या विरोधात १९,४७०, बाजूने ७,५६१. लिटल रॉकची चारही सार्वजनिक हायस्कुलं १९५८-५९ चं पूर्ण वर्ष बंद राहिली. ३,६६५ विद्यार्थी घरी बसले, त्यांत गोरेच जास्त. शिक्षकांना मात्र करारामुळे रोज शाळेत यावं लागे. रिकामे वर्ग, फळा, खडू, आणि समोर कुणी नाही. कार्डं वाटणाऱ्यांतलेही काही जण त्या घरी बसलेल्यांत असतील.

काय करता आलं असतं

प्रकरण अभ्यासात हा प्रश्न टाळता येत नाही, म्हणून माझं मत सांगतो. मोठ्या धोरणाबद्दल नव्हे, शाळेच्या चार भिंतींबद्दल.

साक्षीदाराची अट एका घटनेसाठी ठीक आहे. पण एकाच विद्यार्थिनीच्या नावावर आठवड्याला डझनभर तक्रारी येत असतील, तर प्रत्येकीचा वेगळा पुरावा मागत बसणं म्हणजे न पाहण्याची सोय. तक्रारींचा ढीग हाच पुरावा असतो. कुठे घडतं, किती वाजता, कुणाच्या आसपास, हे महिनाभर लिहून काढलं असतं तर कॅफेटेरिया, जिने आणि लॉकरची रांग अशी तीन-चार ठिकाणं निघाली असती. तिथे मोठी माणसं उभी करता आली असती. सैनिक वर्गात जाऊ शकत नव्हता, शिक्षक जाऊ शकत होता.

त्या अटीबद्दल तर काही बोलायलाच नको. एकतर्फी हमी घ्यायचीच होती तर ती बळकट बाजूकडून घ्यायची.

आणि गाणं. याला कुणी फारसं महत्त्व देत नाही, पण मी देतो. ऑक्टोबरात मिनीजीनला गायनमंडळात घेतलं असतं तर चार गोऱ्या मुली तिच्या डाव्या-उजव्या बाजूला उभ्या राहून महिनाभर एकच सूर लावत राहिल्या असत्या. डिसेंबरात खुर्च्या सरकल्या तेव्हा त्यांतली एखादी तरी जवळच्या टेबलावर बसलेली असती. तिने काही केलं असतं की नाही, सांगता येत नाही. निदान मिनीजीनला कुणाकडे तरी बघता आलं असतं.

पुढे

मिनीजीन न्यूयॉर्कला गेली. तिला घरात ठेवून घेतलं ते केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने. काळ्या आणि गोऱ्या बाहुल्या मुलांपुढे ठेवून ‘यातली चांगली कुठली?’ असं विचारणारे प्रयोग त्यांनीच केले होते, आणि वेगळ्या शाळांमुळे मुलांच्या मनावर काय परिणाम होतो हे सांगताना ब्राउन निकालाच्या तळटीपेत केनेथ क्लार्क यांच्या कामाचा दाखला आला होता. म्हणजे ज्या संशोधनाच्या आधारे तिला सेंट्रलचं दार उघडलं, ते करणाऱ्यांच्याच घरी ती दार बंद झाल्यावर राहायला गेली. मॅनहॅटनमधल्या न्यू लिंकन या खाजगी शाळेतून ती १९५९ साली उत्तीर्ण झाली.

उरलेल्या आठांपैकी अर्नेस्ट ग्रीन बारावीत होता. मे १९५८ मध्ये तो सेंट्रलमधून पदवी घेणारा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी ठरला. सहाशेच्या वर मुलांचा पदवीदान समारंभ. प्रेक्षकांत मार्टिन लूथर किंग कनिष्ठ येऊन बसलेले. प्रत्येक नावाला टाळ्या पडत होत्या. ग्रीनचं नाव पुकारलं आणि सगळं मैदान गप्प झालं. तो चालत गेला, कागद घेतला, परत आला. कॅफेटेरियातल्या बाया तिथे होत्या की नाही, कुणी लिहून ठेवलेलं नाही.

मिनीजीन ब्राउन-ट्रिकी (लग्नानंतरचं नाव; आता त्यांना ‘त्या’ म्हणायला हवं) अनेक वर्षं कॅनडात राहिल्या. सहा मुलं झाली. समाजकार्यात पदवी आणि मग पदव्युत्तर पदवी घेतली, आणि शांततेच्या व पर्यावरणाच्या चळवळींत काम केलं. १९९९ ते २००१ या काळात राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या सरकारात त्या अंतर्गत व्यवहार खात्यात उपसहायक सचिव होत्या. काम होतं कर्मचाऱ्यांमधल्या विविधतेचं.

हे खातं अमेरिकेतली राष्ट्रीय उद्यानं आणि ऐतिहासिक स्थळं सांभाळतं. सेंट्रल हायस्कूल १९९८ पासून त्यांतलं एक आहे. शाळा आजही भरते, मधली सुट्टी आजही होते, आणि पाहुण्यांना परिसर दाखवायला सपाट काठाची टोपी घातलेले रेंजर असतात. काही वर्षं त्या रेंजरांत मिनीजीन यांची एक मुलगीही होती. शाळेच्या पायऱ्यांपाशी उभी राहून ती लोकांना १९५७ ची हकीकत सांगत असे, आणि चिलीच्या ट्रेपाशी आली की तिला आईचीच गोष्ट सांगावी लागे.